पोरीच्या हातची कादंबरी

आज करपा आणि तुडतुडे बाजूला ठेवू. रोवणी आटोपली, बांधीत पाणी आहे, थोडी फुरसत आहे. अशाच दिवसांत आमगावकडच्या एका घरी बापानं पोरीच्या हातचं पुस्तक काढून फळीवर ठेवलं. "कादंबरीनं पोट भरते का?" मी म्हटलं, "भाऊ, दिवाळीनंतर मंडईची दंडार पाहायला तुम्ही रात्रभर जागता, त्यानं भरते का?" ते हसले, पुस्तक मात्र फळीवरच राहिलं.

पुस्तक होतं हरि नारायण आपट्यांचं 'गड आला पण सिंह गेला', १९०३ सालचं. तानाजी मालुसऱ्यांनी फेब्रुवारी १६७० मध्ये कोंडाणा घेतला, हे खरं. त्यात आपट्यांनी कमलकुमारी ही राजपूत तरुणी कल्पनेनं गुंफली. ती सती जायला निघालेली, आणि उदेभान तिला पळवून गडावर कोंडतो. इकडे तानाजीच्या घरी रायबाच्या लग्नाची घाई. शेवट तर नावातच सांगून टाकलाय, तरी पान उलटताना छाती धडधडते! १९३३ साली 'प्रभात'नं यावरून 'सिंहगड' हा बोलपट काढला.

भाषा जुनी आहे. वर्णन लांबलं की बैल मध्येच बसल्यासारखं वाटते. ती पानं पोरं गाळतील, गाळू द्या. सतीचं प्रकरण आलं की मात्र मोठ्यांनी जवळ बसावं, आणि ही चाल कायद्यानं का बंद करावी लागली ते सांगावं. आणखी एक. त्या रात्रीनंतर गडाचं नाव सिंहगड पडलं असं आपण समजतो, पण हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही सापडते. गोष्ट कुठं संपते आणि इतिहास कुठं सुरू होतो, हे शोधण्यातही पोरांना मजा येते.

याच सिंहगडाच्या कड्यावरून द्वारकानाथ पितळे नावाचा तरुण कोसळला. कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसानं 'नाथमाधव' नावानं कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची 'वीरधवल' १९१३ ची. राजवाडे, कारस्थानं, प्रेम आणि तलवारी. स्वतःला चालता येत नव्हतं, पण वाचणाऱ्याला त्यांनी घोड्यावर बसवलं.

खत आणायला तालुक्याला जाल तेव्हा वाचनालयात 'वीरधवल'ची चौकशी करा. आणि भाऊ, हे वाचत असाल तर फळीवरचं ते पुस्तक आधी खाली काढा.