मैत्रीच्या नावाने सत्ता

दुसऱ्याचे राज्य केवळ लढाई करूनच बळकावले जाते असे नाही. मैत्रीच्या तहानेही ते हळूहळू हाती घेता येते.

परभणी निजामाच्या राज्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. हुकूम इंग्रजांचा, खर्च मात्र निजामाचा! पुढे आणखी एक फौज उभी राहिली. तिची एक छावणी हिंगोलीला होती. हे गाव १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. त्या फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जबाजारी झाला. अखेर १८५३ साली त्याला शेजारचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली करावा लागला.

प्राचीन रोमनांनीही इटलीतील शेजाऱ्यांना ‘मित्र’ म्हणून जोडले. हे मित्र रोमसाठी लढत; पण त्यांना रोमचे नागरिकत्व नव्हते. इ. स. पूर्व ९१ मध्ये त्यांनी बंड केले. तेव्हा कुठे रोमने त्यांना नागरिकत्व दिले. इंग्रजांनी आपल्याला बरोबरीचा हक्क कधीच दिला नाही. १९४७ साली त्यांना हा देश सोडून जावे लागले.

माझ्या मते, ज्या मैत्रीत ओझे एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, ती मैत्री नव्हे. ती गुलामीच होय.