गाडीत आहेस का?

आपल्या मॉरिशसमधील अनेक मराठी घरांतला एखादा मुलगा, मुलगी किंवा भाचा आज ब्रिटनमध्ये आहे. रात्री जेवण आटोपले की नऊच्या सुमारास आपण त्यांना फोन लावतो. त्या वेळी तिकडे हिवाळ्यात सायंकाळचे पाच आणि उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात. म्हणजे कामावरून घरी परतण्याची वेळ. म्हणून तिकडचा मोबाईलविषयीचा कायदा आपणही जाणून घेतला पाहिजे.

ब्रिटनमध्ये गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरण्यास १ डिसेंबर २००३ पासून बंदी आहे. आरंभी दंड अवघा ३० पौंड होता. ऑगस्ट २०१६ मध्ये ए-३४ रस्त्यावर एक ट्रकचालक मोबाईलवर गाणे बदलत होता. ताशी सुमारे ५० मैल वेगाने त्याने पुढच्या वाहनांना धडक दिली. एक स्त्री व तीन मुले प्राणास मुकली; चालकाला १० वर्षांची शिक्षा झाली. त्या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घ्यावे.

मार्च २०१७ पासून दंड २०० पौंड झाला व परवान्यावर ६ पॉइंट लागू लागले. परवाना मिळून दोन वर्षे झाली नसतील, तर तो एवढ्यानेच रद्द होतो. तरीही एक पळवाट राहिली होती. मोबाईलने नुसते चित्रण करणे त्या कायद्यात बसत नाही, असा निर्णय २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दिला. २५ मार्च २०२२ पासून ती वाटही बंद झाली. लाल दिव्यापाशी थांबले असतानाही मोबाईल हातात घेणे गुन्हाच आहे.

मात्र फोन हातात न धरता बोलण्यास अजून सरसकट बंदी नाही. येथेच आपला संबंध येतो. हात चाकावर असले तरी आईच्या दुखण्याची किंवा जमिनीच्या वाटणीची गोष्ट ऐकताना मन रस्त्यावर राहत नाही. तो फोन आपणच केलेला असतो.

तेव्हा वाचकहो, पहिला प्रश्न “गाडीत आहेस का?” हाच विचारावा. उत्तर “हो” आले, तर “घरी पोचलास की फोन कर” एवढे म्हणून फोन ठेवावा. पोर्ट लुईहून क्युरपीपला निघालेल्या आपल्या माणसालाही हाच नियम लावावा. कायदा चालकाला आवरतो. फोन करणाऱ्याने स्वतःला आवरायचे असते.