कसब शिकविलें, धंदा कोण शिकविणार?

नोकरीच्या मागें धांवूं नका, स्वतःचा धंदा काढा, हा उपदेश सांप्रत इतका स्वस्त झाला आहे कीं, तो करण्यास उपदेशकानें स्वतः कधीं धंदा केलेला असण्याची गरज राहिलेली नाहीं. सभेचे अध्यक्ष तो करतात, पदवीदानाचे पाहुणे तो करतात, आणि ज्यांच्या तीन पिढ्या पगारावर जगल्या ते गृहस्थही शेजाऱ्याच्या मुलास तोच ऐकवितात. उपदेश वाईट नाहीं. नोकऱ्या थोड्या व उमेदवार फार, ही स्थिति सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां हातांत कसब घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या तरुणाचें कौतुक कोण करणार नाहीं? परंतु त्या तरुणास आपण जें शिक्षण देतों तें ह्या कामास पुरें पडतें काय, हा प्रश्न विचारणारे मात्र थोडे. आज आम्ही तोच विचारणार आहों.

धंदेशिक्षणाची सोय देशांत नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचें जाळें वाढत वाढत तालुक्याच्या गांवापर्यंत पोंचलें. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, नळ कारागीर अशा व्यवसायांत एक-दोन वर्षांत मुलाच्या हातास वळण लागतें. २०२३ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी इत्यादि १८ पारंपरिक व्यवसाय घेतले असून पांच ते सात दिवसांचें प्राथमिक प्रशिक्षण, हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साह्य, आणि पांच टक्के व्याजानें प्रथम एक लाखापर्यंत व तें फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद केली आहे. मुद्रा योजनेखालीं २०१५ पासून लहान धंद्यास तारणावांचून कर्ज मिळूं लागलें. म्हणजे कसब शिकविणारा आहे, हत्यार देणारा आहे, आणि पैसा देणाराही आहे. उणीव आहे ती ह्या तिघांच्या मधल्या जागेंत. ज्यास पंप दुरुस्त करतां येतो त्यास पंप-दुरुस्तीचें दुकानही चालवितां येतें, असें आपण गृहीत धरलें आहे. आणि आमच्या मतें हेंच गृहीत साफ चुकीचें आहे.

एक साधें उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. एक बाई चकली उत्तम करते. किलोभर चकलीस भाजणी, तेल, गॅस व पिशवी मिळून १७० रुपये खर्च येतो. ती २२० रुपये भाव ठेवते आणि किलोमागें ५० रुपये सुटले असें समजते. दुकानदार आपलें १५ टक्के कमिशन, म्हणजे ३३ रुपये, कापून घेतो. तिच्या हातीं १८७ रुपये येतात व पन्नासांचा नफा सतरांवर उतरतो. आतां किलोकिलोच्या दहा पिशव्यांपैकीं एक न खपतां, मऊ पडून परत आली असें धरा. नऊ पिशव्यांचे १,६८३ रुपये आले. दहा पिशव्यांचा खर्च १,७०० रुपये झाला. दहा किलो चकली तळून त्या बाईनें १७ रुपये पदरचे घातले, आणि तिच्या स्वतःच्या मजुरीचा एक पैसाही ह्या हिशेबांत धरलेला नाहीं! माल चांगला, मागणी चांगली, कष्टांत कसूर नाहीं, तरीही तोटा. अशा स्थितींत तिनें कर्ज काढून मोठी कढई आणली तर जितका माल अधिक खपेल तितकी ती अधिक बुडेल. तिला चकली करावयास आणखी शिकविण्याची गरज नव्हती. तिला गरज होती कागद-पेन्सिल घेऊन एक संध्याकाळ शेजारीं बसणाऱ्या माणसाची.

आमच्या वाचकांपैकीं जे व्यापारी आहेत त्यांस हें वाचून हंसूं येईल. एवढें तर आमच्या दहा वर्षांच्या मुलासही कळतें, असें ते म्हणतील. त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि आमचा सारा मुद्दा त्यांतच आहे. त्या मुलास हें कळलें कोठें? शाळेंत नव्हे. पूर्वीं पंतोजी पावकी, निमकी, दीडकी घोकून घेत, तेव्हां शाळेचा व बाजाराचा कांहीं संबंध तरी होता. आतां तोही राहिला नाहीं. व्यापाऱ्याच्या मुलास हें कळलें तें दुकानाच्या गादीवर, बापाच्या मांडीशीं बसून. कोणत्या गिऱ्हाइकास उधार द्यावें व कोणास गोड बोलून वाटेस लावावें, माल केव्हां भरावा, तोट्यांत असला तरी कोणता माल ताबडतोब काढून टाकावा, घरखर्च आणि गल्ला ह्यांची गल्लत कां होऊं द्यावयाची नाहीं, हें त्यास कोणीं व्याख्यान देऊन सांगितलें नाहीं. तें त्यानें वर्षानुवर्षें डोळ्यांनीं पाहिलें.

पण ही गादी कोणाच्या वांट्यास आली? ज्या समाजांत धंदा जातीस बांधलेला होता त्या समाजांत धंद्याचें ज्ञानही जातीच्या व घराच्या कुंपणांत राहिलें. कुंभारास मडकें घडवितां येत होतें, साळ्यास लुगडें विणतां येत होतें, चर्मकारास जोडा शिवतां येत होता. परंतु कच्च्या मालाचा भाव एकानें ठरवावा, तयार मालाचा भाव दुसऱ्यानें ठरवावा, आणि कारागिरानें सांगितलेल्या ठिकाणीं आंगठा उठवावा, ही रीति चालत आली. कसब एका घरीं व वही दुसऱ्या घरीं, अशी ही वांटणी होती. आणि वही ज्याच्या घरीं, नफाही त्याच्याच घरीं गेला. शेतमजुराच्या मुलास, दलित वस्तींतील तरुणास आणि बहुतेक सर्व घरांतील स्त्रियांस त्या गादीजवळ बसण्याची मुभाच नव्हती. म्हणून आम्ही म्हणतों कीं, धंदा काढणारासाठीं असलेलें शिक्षण ही कोणावर करावयाची मेहेरबानी नव्हे. ज्यांस जन्मानें पेढी मिळाली नाहीं त्यांस समाजानें द्यावयाची ती पेढी आहे. आणि पेढीवर जें शिकावयास मिळतें तें ज्या वर्गांत मिळत नाहीं, तो वर्ग अर्धाच भरला असें समजावें.

ही कल्पना नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून पैसा पैसा गोळा करून चालविलेल्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला. तो जसा कारखाना होता तशीच ती शाळाही होती. भट्टीपुढें उभें राहून जे तेथें शिकले, त्यांनीं तयार होणारा माल बाजारांत जातांना पाहिला, आणि इतर कांच कारखान्यांस असे शिकलेले कारागीर मिळाले. शिकण्याची जागा व विकण्याची जागा एक असल्यावर शिक्षणास कसा जोर येतो, हें त्यावरून दिसतें.

अलीकडचें उदाहरण पाहिजे असल्यास शेजारच्या कर्नाटकांत पहावें. दक्षिण कन्नड जिल्ह्यांत उजिरे येथें १९८२ सालीं धर्मस्थळाचा शिक्षण न्यास, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक ह्यांनीं मिळून ग्रामीण तरुणांस स्वयंरोजगार शिकविणारी संस्था काढली. शिक्षण थोड्या मुदतीचें, राहणें-जेवण फुकट, परंतु वर्ग संपल्यावर त्या तरुणाचा हात बरींच वर्षें न सोडण्याचा नेम, हें तिचें वैशिष्ट्य. कसबाबरोबर बाजार कसा पहावा, बँकेशीं कसें बोलावें, हिशेब कसा ठेवावा, हेंही तेथें शिकविलें गेलें. हाच नमुना पुढें ठेवून केंद्र सरकारनें २००९ पासून जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून अशा संस्था चालविण्याचें धोरण घेतलें. त्यांत शिकलेल्याचा दोन वर्षें पाठपुरावा करण्याचा नियम आहे. नियम उत्तम आहे. तो ज्या जिल्ह्यांत मनापासून पाळला जातो तेथें शिक्षणाचें दुकान होतें. जेथें कागदावर पाळला जातो तेथें केवळ छायाचित्र होतें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, व्यवहारबुद्धि ही जात्याच असावी लागते. ती शिकवून येत नाहीं. अशांनीं सातारा जिल्ह्यांतील दुष्काळी माण तालुक्याकडे पहावें. म्हसवड येथें चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें १९९७ सालीं स्त्रियांची सहकारी बँक उभी राहिली. तिच्या परवान्याचा पहिला अर्ज, प्रवर्तकांत निरक्षर स्त्रिया आहेत ह्या कारणावरून नामंजूर झाला होता. त्या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गास बसल्या, पुन्हां रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढें गेल्या, आणि कोणत्याही मुदलावरचें व्याज आम्ही तोंडीं सांगतों, तुम्हीही यंत्रावांचून सांगून पहा, असें त्यांनीं म्हटलें. परवाना मिळाला. पुढें ह्याच मंडळींनीं स्त्रियांसाठीं धंद्याची शाळा काढली, आणि जिला गांव सोडून येतां येत नाहीं तिच्यासाठीं बसगाडींत वर्ग भरवून तो गांवोगांव नेला. बुद्धि तेथें पूर्वींही होती. उणी होती ती संधि.

दुसरा आक्षेप आमच्या व्यापारी बंधूंचा आहे, व तो ते बहुधा मोठ्यानें बोलणार नाहींत. परक्या मुलास आम्हीं धंद्याचीं वर्में शिकविलीं तर उद्यां तोच आमच्यासमोर दुकान थाटील, ही ती भीति होय. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु ती चुकीच्या दिशेस पाहते. जो आपला खर्च न जाणतां स्वस्त विकतो, तो स्वतः बुडतांना शेजाऱ्याचाही भाव बुडवितो. अडाणी प्रतिस्पर्ध्यानें बाजाराचें जेवढें नुकसान होतें तेवढें शहाण्या प्रतिस्पर्ध्यानें होत नाहीं. शिवाय, जें लहान दुकान सहा महिन्यांत बंद पडतें त्याची उधारी कोणाच्या वहींत बुडीत राहते? घाऊक व्यापाऱ्याच्याच ना? आणि समोरच्या दुकानाची एवढी काळजी वाहणाऱ्यांनीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, समोरचें दुकान नेईल त्याहून अधिक गिऱ्हाईक आज त्या गिऱ्हाइकाच्याच हातांतील मोबाईल घेऊन जात आहे. गांवच्या पेठेंत चार शहाणीं दुकानें अधिक उघडलीं तर पेठ टिकेल. सर्वांनीं आपापलें गुपित उराशीं धरलें तर गुपितासकट पेठ जाईल.

तेव्हां करावयाचें काय? कसब शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गाच्या वेळाचा निदान चौथा हिस्सा भाव ठरविणें, उधारी, वस्तु व सेवा कर, आणि रोजची वही ह्यांस द्यावा; आणि तो फळ्यावर न संपवितां मुलांनीं केलेला माल त्यांच्याकडूनच बाजारांत विकवून संपवावा. स्त्रियांचे व मजुरांचे वर्ग त्यांच्या सवडीच्या वेळीं, त्यांच्या वस्तीजवळ भरवावे. बँकांनीं प्रमाणपत्राच्या प्रतीवर समाधान न मानतां, अर्जदारास विक्रीची वही ठेवावयास लावावी, ती त्याच्याबरोबर बसून वाचावी, आणि तींत चूक दिसल्यास अर्ज परत न करतां चूक दाखवून द्यावी. शिक्षणसंस्थेनें यश मोजतांना किती जणांस प्रमाणपत्रें वांटलीं हा आंकडा सोडून, दोन वर्षांनीं किती दुकानांचीं दारें उघडीं आहेत हा आंकडा प्रसिद्ध करावा.

परंतु सर्वांत मोठें काम सरकारचें नव्हे, पेठेचें आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची सक्ति तीस किंवा अधिक माणसें असलेल्या आस्थापनांवर आहे. ज्या लहान दुकानांत भावी दुकानदारानें शिकावें तें दुकान त्या सक्तीच्या बाहेरच राहतें. जेथें कायदा पोंचत नाहीं तेथें लोकांनींच पोंचलें पाहिजे. प्रत्येक शहरांत व्यापारी संघ आहे, त्याचें कार्यालय आहे, वार्षिक स्नेहभोजनही आहे. अशा संघाच्या सभासदांपैकीं दरवर्षीं दहा जणांनीं जरी, ज्याच्या घरीं कधीं दुकान नव्हतें असा एकेक मुलगा अथवा मुलगी तीन महिने आपल्या दुकानांत घेतली, तिला विद्यावेतन दिलें, आणि केवळ माल उचलावयास न लावतां वहीही दाखविली, तर त्या गांवांत दहा वर्षांत शंभर नवीं माणसें धंद्यांत जाणतीं होतील. जात विचारून नव्हे, होतकरूपणा पाहून हीं माणसें निवडावीं, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या, असा आमचा आग्रह आहे.

ह्यास कोणाची परवानगी नको, अनुदान नको, उद्घाटनासही कोणी नको. दुकानाच्या गादीवर आणखी एक माणूस बसेल इतकी जागा असते. ती देण्याची आपली तयारी नसेल, तर तरुणांस स्वतःचा धंदा काढा असें सांगण्याचा आपणांस अधिकार पोंचत नाहीं.