घरी शिकलेले मूल आणि महाविद्यालयाचे दार

या स्मरणिकेसाठी लेख मागविताना आम्ही माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारला होता: शाळेने आपणांस काय दिले? अनेकांच्या उत्तरांत दिवा आला. घरी एकच खोली, तिच्यात सहा-सात माणसे, रात्री पुस्तक उघडून बसायला कोपरा नाही. म्हणून ती मुले वसतिगृहात आली आणि येथील सामायिक दिव्याखाली शिकली. आज त्यांच्याच घरांत पुस्तकांची कपाटे आहेत, आई पदवीधर आहे, वडील शिक्षक किंवा अभियंता आहेत. आणि आता त्यांच्यापैकी काहीजण आम्हांस विचारतात की, मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविले तर पुढे त्याला महाविद्यालयात प्रवेश मिळेल काय? निवासी शाळेला हा प्रश्न विचारला जावा, यात थोडी गंमत आहे. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण त्याचे एक उत्तर आम्ही स्वतः चुकलो आहोत.

आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांची कन्या चौथीनंतर आमच्याकडे प्रवेशासाठी आली होती. तिला सिकलसेलचा आजार होता. आपल्या विदर्भात या दुखण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पहाटेचे गार पाण्याचे स्नान, मैदानावरची धावपळ, हाडांतून उठणारी कळ, अपरात्री लागणारा दवाखाना हे सारे वसतिगृहाला पेलवणार नाही, असे आम्ही तिच्या आईवडिलांना सांगितले. सांगितले ते सौम्य शब्दांत. पण नाही ते नाहीच होते. गावातल्या शाळेत वर्षातून दोन-तीन महिने गैरहजेरी पडू लागली, तेव्हा त्यांनी तिला घरीच शिकविण्याचे ठरविले. बहुविध वा तीव्र विकलांगता असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात आला आहे. तिच्या दुखण्याला तो लागू होऊ शकला असता की नाही, हे आम्ही तेव्हा कोणाला विचारलेदेखील नाही. तिचे नाव आमच्या रजिस्टरात राहिले असते, तर पुढचे बरेचसे हेलपाटे वाचले असते.

ती शिकली मात्र उत्तम. आईने गणित व विज्ञान घेतले, वडिलांनी मराठी व इतिहास, इंग्रजी तिचे तिनेच आकाशवाणी आणि जुन्या मासिकांवरून. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तिने आधी दहावी केली, मग बारावी. ही संस्था १९८९ पासून आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेचा दाखला नसला, तरी स्वतःच्या लेखी निवेदनावर ती दहावीसाठी नोंदवून घेते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षे टिकते, म्हणजे आजारात एक सत्र बुडाले तरी वर्ष बुडत नाही. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज बहुतेकांना ठाऊक असतो. पण तो भरतानाही शेवटी सोडलेल्या शाळेचा दाखला द्यावा लागतो. कधी शाळेचे तोंडच न पाहिलेल्या मुलास तो मार्ग अवघड जातो. पालकांनी हा फरक मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर नव्हे, दहा वर्षांचे असतानाच समजून घ्यावा.

बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी ती महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभी राहिली, तेव्हा बारावीचे गुणपत्रक पाहूनही बाबू म्हणाले, "टी.सी. कुठे आहे?" तिने मुक्त विद्यालयाचे स्थलांतर व हस्तांतरण प्रमाणपत्र पुढे केले. ते त्यांनी उलटून पाहिले आणि परत केले. त्यावर जातीचा रकाना नव्हता. वास्तविक दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद. पण वर्षानुवर्षे टी.सी.वरचा तो रकाना पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हा कागद अपुरा वाटला. त्या बाबूंवर आमचा राग नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

येथे आपल्या घरांचा प्रश्न इतरांच्या प्रश्नाहून वेगळा होतो, आणि हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या. पण त्या हाती पडण्यासाठी जी पडताळणी होते, तिचा माग १० ऑगस्ट १९५० च्या मागे जातो. त्या काळातला आपल्याकडचा पुरावा कोणता? बहुतेकांजवळ सातबारा नाही, खरेदीखत नाही. असते ते आजोबांच्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. ज्या शाळेने आजोबांना दाराबाहेर बसविले, त्याच शाळेच्या जीर्ण पानावरचा उतारा आज नातीला महाविद्यालयात नेतो. सातारच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव १९१४ या क्रमांकावर चढले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरात नाव चढणे ही आपल्याकडे केवळ कारकुनी बाब कधीच नव्हती. घरी शिकविताना हा धागा आपल्या हातून तुटत तर नाही ना, एवढे पाहावे, असे आमचे पालकांना सांगणे आहे. वरील मुलीच्या बाबतीत वडिलांची वैधता झालेली होती, म्हणून निभावले. तिसऱ्या फेरीत तिला जागा मिळाली. पहिल्या फेरीतल्या महाविद्यालयाला ती मुकली.

काही सुशिक्षित मंडळींचे मत असे की, हा सारा खटाटोप परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांच्या अतिरेकामुळे होतो. परदेशात पाहा, तेथे मुलाचे काम पाहतात. ते खरे आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या एका मुलीला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना, आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेच्या एमआयटीने घेतले. आपल्याकडे आयआयटीला बारावी लागते, म्हणून ते दार तिला बंद होते. अमेरिकेत आईवडिलांनी तयार केलेले गुणपत्रकही प्रवेशाच्या अर्जासोबत चालते. अशा मुलांचा आम्हांला आनंदच आहे.

परंतु तीच पद्धत येथे आणावी, या सूचनेला आमचा विरोध आहे. शिफारसपत्र कोण देणार? ज्याची ओळख आहे तो. मुलाखतीत पहिला प्रश्न कोणता येतो? आडनावाचा, आणि तो पुरेसा नसेल, तर गावाचा. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला समोरचे मूल कोणाचे हे कळत नाही. मंडळाची परीक्षा कोरडी आहे, कित्येकदा अन्यायी आहे, घोकंपट्टीला बक्षीस देणारी आहे, हे शिक्षक म्हणून आम्हांला कोणी शिकवायला नको. तरीही आमच्या पिढीला पहिला निःपक्षपाती न्याय त्या क्रमांकाने दिला. म्हणून घरी शिकलेल्या मुलाने परीक्षा टाळून नव्हे, ती देऊन महाविद्यालयात जावे, असे आम्हांस वाटते. आणि ती दिल्यावर मात्र कोणी त्याच्याकडे संशयाने पाहू नये.

तो संशय वरच्या पातळीवरही होता. मुक्त विद्यालयातून किंवा खाजगी विद्यार्थी म्हणून बारावी झालेल्यांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसू न देणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली; प्रश्न पूर्णपणे मिटायला २०२४ उजाडले. तेवढ्या वर्षांत किती मुलांनी डॉक्टर होण्याचा विचार सोडला असेल, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात सापडणार?

घरी शिकविणे सर्वांनी करावे, असे आम्ही म्हणत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, त्यासाठी शिक्षा मात्र सांगत नाही. या मोकळ्या जागेचा उपयोग हौस म्हणून करणारेही आम्ही पाहिले आहेत. दोन वर्षे उत्साह, मग मूल ना घरचे ना शाळेचे. शिवाय पंधरा-सोळा मुलांसोबत एका ओळीत ताट घेऊन बसण्याने जे शिकायला मिळते, ते घरी कितीही मोठे कपाट असले तरी मिळत नाही. पण दुखणे, वारंवारच्या बदल्या, ऊसतोडीला जाणारे आईबाप, वर्गात झालेला अपमान ही कारणे हौसेची नव्हेत. अशा मुलांना घर किंवा शाळा यांतून एकच निवडायला लावणे बरे नव्हे.

संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आम्ही म्हणून तीन गोष्टी मांडल्या आहेत. मुक्त विद्यालयाचे अभ्यासकेंद्र आपल्या आवारात मिळावे, यासाठी अर्ज करावा. प्रयोगशाळा रविवारी अशा मुलांसाठी उघडी ठेवावी, कारण घरी सारे होते, पण अनुमापन होत नाही. आणि जून-जुलैमध्ये ग्रंथालयाच्या ओसरीत एक टेबल टाकून, कागदपत्रांची माहिती असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसावे. जातीचे प्रमाणपत्र, वैधता, विद्यापीठाची पात्रता यांचे अर्ज तेथे भरून द्यावेत. तिसऱ्या कामासाठी पाच नावे आली आहेत. त्यांत एक नाव त्या मुलीचे आहे. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद परत येतो, हे आमच्याहून तिला अधिक ठाऊक आहे.