एंडरच्या वतीने सही कोणाची?

मराठीच्या अध्यापकाला विज्ञान कादंबरीविषयी लिहिताना थोडा संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो. आपल्या अभ्यासक्रमात विज्ञानसाहित्य म्हटले की जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळवणारी कथा, पाठोपाठ बाळ फोंडके, सुबोध जावडेकर ही नावे, आणि परीक्षेत पाच गुणांची एक टीप, एवढ्यावर विषय संपतो. त्यामुळे ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाची 'एंडर्स गेम' ही कादंबरी सांगलीतल्या माझ्या आणि साताऱ्यातल्या एका स्नेही प्राध्यापिकेच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी मिळून वाचावी, असे ठरले तेव्हा मला फारशी आशा नव्हती. मूळ इंग्रजी संहिता, त्यात अंतराळयुद्ध. मुले चाळीस पानांत कंटाळतील असा माझा होरा होता. तो चुकला. मुलांनी जे अभिप्राय दिले ते या पुस्तकावर इंग्रजीत झालेल्या वादाशी काही ठिकाणी जुळतात आणि एका ठिकाणी पूर्णपणे वेगळे पडतात. त्या वेगळ्या ठिकाणाविषयी मला लिहायचे आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७७ साली 'अ‍ॅनालॉग' मासिकात दीर्घकथा म्हणून आलेली ही कलाकृती १९८५ साली कादंबरी झाली आणि तिला नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. पुढे २०१३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. कीटकसदृश परग्रहवासीयांशी मानवजातीची दोन युद्धे झाली आहेत, तिसरे होऊ घातले आहे. सेनापती घडवायचा म्हणून सैन्य पृथ्वीवरची असामान्य बुद्धीची मुले निवडून अंतराळातल्या युद्धशाळेत नेते. अँड्र्यू उर्फ एंडर विगिन हा त्यांतला सहा वर्षांचा मुलगा. त्याला मुद्दाम एकटे पाडले जाते, थकवले जाते, खेळांमागून खेळ जिंकायला लावले जातात. दोन मुलांचे प्राण त्याच्या हातून जातात आणि हे त्याला कळू दिले जात नाही. शेवटी जी 'अंतिम परीक्षा' म्हणून तो खेळतो ते खरे युद्ध असते. शत्रूचा ग्रह, त्यावरच्या समस्त जिवांसह, नष्ट होतो. तेव्हा एंडर अकरा वर्षांचा आहे.

इंग्रजी वाचकांत या पुस्तकावरून दोन तट आहेत. एका तटावर ती हजारो मुले, ज्यांना एंडरमध्ये आपण दिसलो. वर्गात सगळ्यांहून हुशार, म्हणून एकटी, म्हणून मार खाणारी. कार्डने १९९१च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अशा वाचकांविषयी लिहिले आहे, आणि बुद्धिमान मुलांच्या समुपदेशक असलेल्या एका बाईंचा राग आल्याचेही सांगितले आहे. मुले असे बोलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या मरीन कोअरने ही कादंबरी आपल्या वाचनयादीत घातली, हेही याच तटाचे एक टोक. दुसऱ्या तटावर समीक्षक आहेत. जॉन केसेल यांनी २००४ साली लिहिलेल्या निबंधात आक्षेप घेतला की लेखकाने कथानकाची मांडणीच अशी केली आहे की एंडरने कितीही संहार केला तरी तो निष्पाप ठरावा. हेतू शुद्ध म्हणजे कर्म शुद्ध, अशी ही नीती आहे, आणि ती घातक आहे.

मुलांच्या बोलण्याविषयीचा आक्षेप आमच्या वर्गात फारसा टिकला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यातला श्याम तरी कुठे वयाप्रमाणे बोलतो? त्याच्या तोंडून एक प्रौढ, व्याकूळ माणूस बोलत असतो आणि आपण ते पिढ्यान्पिढ्या स्वीकारले आहे. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तली मुले मुलांसारखी बोलतात, हे खरे. पण सगळ्या बालपणाच्या कादंबऱ्यांनी तसेच बोलावे असा काही नियम नाही. एंडरचे बोलणे अकाली प्रौढ आहे. तो ज्या यंत्रणेत वाढतो ती त्याला मूल राहूच देत नाही, म्हणून ते तसे आहे, एवढे मान्य केले की पुढे जाता येते.

केसेल यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि आपल्याकडे तो अधिकच टोचायला हवा. याचे कारण एका विद्यार्थ्याच्या पहिल्याच वाक्यात होते. तो म्हणाला, "सर, एंडरचा काय दोष? तो निमित्तमात्र." वर्गाने माना डोलावल्या. मीही डोलावली असती. हा शब्द आपल्या जिभेवर इतका तयार असतो की केसेल यांनी ज्या नीतीवर पानेच्या पाने खर्ची घातली, ती आपण एका शब्दात मिटवून टाकतो. दुसरी उपमा अर्थातच अभिमन्यूची आली. सोळा वर्षांचा मुलगा, चक्रव्यूह, अर्धे ज्ञान आणि मोठ्यांनी पुढे केलेला.

दोन्ही उपमा मला चुकीच्या वाटतात, आणि त्या का चुकतात हे पाहताना कादंबरी अधिक उघडते. अभिमन्यूला आपले अर्धे ज्ञान ठाऊक आहे. आत जाता येते, बाहेर पडता येत नाही, हे तो युधिष्ठिराला स्पष्ट सांगतो. मोठे त्याला मागोमाग येण्याचे वचन देतात, आणि जयद्रथ त्यांना अडवतो म्हणून ते वचन मोडते. येथे अपयश आहे, फसवणूक नाही. एंडरच्या बाबतीत फसवणूक हीच योजना आहे. ज्याला आपण काय करतो आहोत याची जाणीव आहे असा सेनापती ते करू शकणार नाही, म्हणून त्याला जाणीव होऊ द्यायची नाही, असा हिशेब त्यामागे आहे.

आणि निमित्तमात्र? तो शब्द ज्याच्या संदर्भात आपण वापरतो त्या अर्जुनाने आधी धनुष्य खाली ठेवले होते. त्याला समोर कोण उभे आहे ते दिसत होते. त्याचा नकार ऐकला गेला, त्यावर अठरा अध्यायांचा वाद झाला, आणि मग तो लढला. तो वाद आपल्याला पटो न पटो, तो झाला. एंडरचा नकार कसा वागवला जातो ते पाहा. शेवटच्या 'परीक्षे'त तो मुद्दाम नियम मोडतो. शत्रूच्या ताफ्याशी लढण्याऐवजी थेट ग्रहावरच अस्त्र सोडतो. असा बेगुमान मुलगा सेनापती व्हायला नालायक आहे असे ठरवून मोठ्यांनी आपल्याला एकदाचे घरी पाठवावे, एवढीच त्याची इच्छा असते. म्हणजे ज्या कृतीने एक जीवसृष्टी नाहीशी होते ती कृती हाच त्या मुलाचा नकार होता. मोठ्यांनी त्याच्या नकाराचेच हत्यार करून ठेवले होते. केसेल यांच्या मांडणीत या जागेला पुरेसे वजन मिळत नाही, असे मला वाटते. कार्डला आपला नायक निर्दोष हवा आहे, हे खरेच. पण निर्दोष मुलगा घडवण्यासाठी मोठ्यांना काय काय करावे लागले याची नोंदही तो तितक्याच काटेकोरपणे ठेवतो. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी अधिकाऱ्यांचे निनावी संवाद आहेत, कोण बोलतो तेही सांगितलेले नाही. माझ्या मते कादंबरीचा कणा तिथे आहे. घाईघाईने वाचणारी मुले नेमके तेच वगळतात. आमच्या वर्गातही निम्म्यांनी वगळले होते.

आता त्या वेगळ्या ठिकाणाविषयी. चर्चा अशी महाभारतात फिरत असताना खानापूर तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली की तिला हा सगळा वाद दूरचा वाटतो. ती तिसऱ्या प्रकरणात अडकली होती. कर्नल ग्राफ एंडरला न्यायला घरी येतो ते प्रकरण. आई विरोध करते तेव्हा ग्राफ सांगतो की तुमची लेखी संमती आमच्याकडे आहे. दोनच अपत्यांना मुभा असलेल्या त्या जगात तिसरे मूल जन्माला घालण्याची परवानगी त्या अटीवरच मिळाली होती. आणि लगेच तो एंडरला म्हणतो की साध्या सैनिकांची सक्तीने भरती चालते, अधिकारी मात्र स्वेच्छेने आलेला लागतो. मग सहा वर्षांचा मुलगा 'स्वेच्छेने' हो म्हणतो. तिचा प्रश्न होता : आईबापांनी जन्माआधी सही केली, मुलाने सहाव्या वर्षी होकार दिला, तर यातली खरी सही कोणती?

हा प्रश्न तिला पडला याला कारण होते. तिचा धाकटा भाऊ पाचवीत आहे आणि सातारच्या सैनिक स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो आहे.

वाचकांना ठाऊक असेलच की देशातले पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाले. यशवंतराव चव्हाण तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी चीनच्या युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ज्या देवराष्ट्रे गावात ते जन्मले ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. अपशिंग्यासारखी गावे याच मुलखात, जिथल्या ४६ जवानांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले. सैन्यात अधिकारी व्हावेत ते फक्त शहरी, इंग्रजाळलेल्या घरांतूनच का, या रास्त प्रश्नातून सैनिक शाळांची कल्पना निघाली. दहा-बारा वर्षांची मुले परीक्षा देऊन सहावीत जातात, वसतिगृहात राहतात, आणि त्यांच्यापुढे खडकवासल्याचे ध्येय ठेवलेले असते. कुणी पुढे लष्करात जातो, कुणी अभियंता होतो, सक्ती नाही. त्यामुळे या शाळेची आणि कार्डच्या युद्धशाळेची तुलना करणे अन्यायाचे होईल, आणि मी ती करत नाही. मी स्वतः पाचवीत असताना ही परीक्षा दिली होती. निवड झाली नाही. वडील काही बोलले नाहीत, पण पुढे कित्येक वर्षे घाटातून जाताना एसटीच्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसत. मला त्या वयात तिथे जायचे होते का, हे आज मला आठवत नाही. जायचे होते असे मी म्हणत असे, एवढे आठवते.

इंग्रजी वाचकाने एंडरच्या जागी स्वतःला पाहिले, आमच्या मुलांनी आपल्या घराला पाहिले. फरक एवढाच, पण त्याने कादंबरीचा तोल बदलतो. साताऱ्याच्या वर्गातला एक मुलगा पहाटे भरतीसाठी धावतो. अग्निवीर म्हणून चार वर्षे मिळाली तरी पुरे, असे त्याचे म्हणणे. त्याला एंडरविषयी फार सहानुभूती नव्हती. "त्याला निवडला तरी", तो म्हणाला. या वाक्याने मी अस्वस्थ झालो. 'बुद्धिमान' या विशेषणाने 'बालसैनिक' या नामावर किती सहज पांघरूण पडते! इश्माएल बिया यांचे सिएरा लिओनमधल्या बालपणाचे आत्मकथन २००७ साली आले. त्यातल्या मुलाला कुणी प्रतिभावान म्हणून निवडलेले नव्हते. तो फक्त हाती लागला होता. दोघांच्याही हातून मोठ्यांनी माणसे मारवून घेतली. एकाचे पुस्तक वाचताना आपण हळहळतो, दुसऱ्याचे वाचताना शाबासकी देतो. यात कादंबरीकाराचा वाटा किती आणि चौथीच्या इतिहासापासून खेळगड्यांसह गड घेणाऱ्या मुलांवर वाढलेल्या आपला किती, याचा हिशेब मला लावता आलेला नाही.

कादंबरीत दोष आहेत. शेवटचे प्रकरण घाईने उरकले आहे. एंडरने शत्रूच्या राणीचे चरित्र लिहून मृतांच्या वतीने बोलावे हा भाग एका स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज होता, आणि पुढच्याच वर्षी 'स्पीकर फॉर द डेड' लिहून कार्डने ते जवळजवळ मान्य केले. युद्धशाळेत मुली इतक्या कमी का, याचे ग्राफने दिलेले उत्क्रांतीचे कारण वाचून साताऱ्याच्या वर्गातल्या मुली हसल्या. सैनिक शाळांची दारे मुलींना सरसकट उघडायला आपल्याकडेही २०२१ साल उजाडले, हे त्यांतल्याच एकीने आठवून दिले, तेव्हा हसू थांबले.

खानापूरच्या त्या विद्यार्थिनीने प्रत घरी नेली. वडिलांना इंग्रजी येत नाही, म्हणून ती संध्याकाळी त्यांना एकेक प्रकरण सांगते. भाऊही शेजारी बसून ऐकतो. त्याला तिथे जायचे आहे, कारण तिथे घोडे असतात असे त्याने कुणाकडून तरी ऐकले आहे. तिसरे प्रकरण संपल्यावर वडील म्हणाले, "आई तरी रडली. त्या पोराचा बाप काय करत हुता?" तिने मला फोन करून विचारले, की बापाविषयी पुढे काही येते का. मी पुस्तक पुन्हा चाळले. तो आरंभीच्या प्रकरणांत थोडा दिसतो, त्यानंतर जवळजवळ नाहीच.