हाकेच्या अंतरावरचे वर्कशॉप

मंडळी, गेले चार महिने ब्लॉगवर काही लिहिले नाही. दोन-तीन ब्लॉगमित्रांनी "तब्येत ठीक ना?" म्हणून विचारले, धाकट्या बहिणीने तर नागपूरहून फोनच केला. तब्येत ठणठणीत आहे. बांधकाम काढले होते, एवढेच! घर नव्हे, इथे दापोली तालुक्यातल्या आमच्या घरामागे सुतारकामासाठी बारा बाय वीस फुटांची एक खोली. ती आता उभी राहिली आहे, आणि या खटाटोपात माझे जे एक ठाम मत झाले आहे ते आज मांडतो.

मत असे की, गावाकडे ज्याच्यापाशी थोडी जागा आहे आणि हाताने काही करायची हौस आहे, त्याने कामाची जागा घरापासून वेगळी बांधावी. आणि ती आखताना घर आखतो तशी आखू नये.

आधी वेगळी का, ते सांगतो. निवृत्तीनंतर मला सुतारकामाचा नाद लागला. पाट, स्टुलं, नातवंडांच्या गाड्या असे काहीबाही मागच्या पडवीत चालायचे. पुढे कापायचे मशीन आले, रंध्याचे मशीन आले, आणि भुसा पडवीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात जाऊ लागला. हिला मधूनमधून दम लागायचा. वयामुळे असेल असे आम्ही धरून चाललो होतो. मागच्या वर्षी डॉक्टरांनी विचारले, "घरात कसली धूळ असते का?" हिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. घरी आल्यावर मी म्हटले, "अगं, इतकी वर्षे बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "अहो, तुम्ही रमला होतात." या उत्तरावर मला आजतागायत काही बोलता आलेले नाही.

लाकडाची बारीक धूळ ही नुसती केराची बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ती माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. शिवाय आगीची भीती. जवसाच्या तेलाने पॉलिश करून झाल्यावर तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले, तर ते आपले आपण तापून पेट घेऊ शकते, हे किती जणांना ठाऊक असते? मलाही नव्हते. असे फडके उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे. आपले वाडवडील यात शहाणे होते. गोठा वेगळा, न्हाणीघर वेगळे, पेंढ्याची उडवी तर घराला लागून कुणी रचतच नसे. आपण मात्र सगळे एका स्लॅबखाली आणले.

आता आखणीचे. मी मास्तर माणूस. आलेखाचा कागद घेतला, पट्टी-पेन्सिल घेतली आणि झकास नकाशा काढला. मधोमध तीन फुटी दार, समोरासमोर खिडक्या, चारी भिंतींना फळ्या. कामाला ज्याला बोलावले तो माझा जुना विद्यार्थी, आता तालुक्यातला नावाजलेला सुतार. त्याने कागद पाहिला आणि अगदी नम्रपणे विचारले, "सर, दहा फुटी फळी आत कुठून येणार? आणि मशीनमधून निघाली की जाणार कुठे?"

मी गप्प. फळी उभी चिरायची तर जितकी तिची लांबी, तितकी जागा मशीनच्या पुढे लागते आणि तितकीच मागे. दहा फुटी फळीला वीस फूट, वर मशीन आणि माणूस उभा राहायची जागा. माझी सारी खोलीच वीस फुटांची! कागदावर मी वर्गखोली काढली होती. बाके मांडायची आणि मुलांना बसवायचे. काम करणाऱ्याला हलावे लागते, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

मग त्याने अंगणात काठीने खोली आखली, मशीनच्या जागी खोके ठेवले, आणि आम्ही दोघे एक लांब फळी धरून त्या रेघांच्या आत-बाहेर फिरलो. खोलीचा खरा नकाशा त्या अर्ध्या तासात झाला. मशीन मधोमध आले. त्याच्या रेषेत पूर्वेला सहा फुटी दुपाखी दार, आणि पश्चिमेला, समोरच्याच रेषेत, भिंतीत फळी बाहेर जाईल एवढी झापड. लांब फळी आली की झापड उघडायची, एरवी बंद. खोली न वाढवता लांबी मिळाली.

मोठे दार पूर्वेला, कारण आमच्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याची झोड नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येते. खिडक्या उत्तरेला, कारण तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि रेघेवर आपल्याच हाताची सावली पडत नाही. (भूगोलाचे तास घेतल्याचा उपयोग: आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारी सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण तोवर पाऊस येतो आणि छपराचा पुढे आलेला भाग पुरतो.)

जोते अडीच फूट, भिंती जांभ्याच्या, वर मंगलोरी कौले. पत्रा स्वस्त पडला असता. पण पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतले पत्रे कागदासारखे उडालेले मी पाहिले आहेत. कौलेही फुटली, नाही असे नाही. पण फुटले तेवढे बदलता आले. त्याच वादळाने शिकवले म्हणून खोली माडाखाली किंवा फणसाखाली घेतली नाही, सावलीचा मोह झाला तरी.

उंबरा ठेवला नाही. यावर घरात चर्चा झाली! "उंबऱ्याशिवाय वास्तू कशी?" असे हिचे म्हणणे. मी म्हटले, "हे घर नव्हे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी हातात फळी घेऊन उंबऱ्याला अडखळलो तर मीच वास्तुपुरुष होईन." दारासमोर उतार केला, म्हणजे ढकलगाडी सरळ आत येते. साप-विंचवासाठी दाराच्या तळाला रबराची पट्टी मारली. लाकूड जमिनीवर न ठेवता भिंतीतल्या लोखंडी हातांवर, दोन फळ्यांत बारीक पट्ट्या घालून रचले. वाळवी लांब राहते आणि वारा खेळतो. पटाश्या आणि रंधे पावसाळ्यात गंजतात, म्हणून त्यांना तेलाचा हात आणि बंद कपाट.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. घरातून वायर ओढून एका प्लगवर सगळे चालवणारे पाहिले की पोटात गोळा येतो. जाड वायर, वेगळे अर्थिंग, गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आणि मुख्य बटण दाराशी, धावत जाऊन बंद करता येईल असे. आणि परवानगी? आपलीच जागा म्हणून थेट पाया खणू नका. जागा गावठाणात आहे की शेतजमिनीत ते सातबारा पाहून नक्की करा, आणि ग्रामपंचायतीची परवानगी घेऊनच कुदळ मारा.

अंतर किती ठेवावे? आम्ही चाळीस फूट ठेवले. भुसा आणि आवाज घरात पोहोचत नाही. पण हिने "अहो, पानं घेतलीत" अशी हाक मारली की मला ऐकू येते, आणि माझे बोट कापले तर माझी हाक तिला. या वयात याहून लांब जाऊ नये.

आता एक कबुली. ज्याने मला तो फळीचा प्रश्न विचारला, तो शाळेत मागच्या बाकावरचा. इतिहासाच्या सनावळ्या त्याला कधी आल्या नाहीत. आठवड्यातून एकदा कार्यानुभवाचा तास असे. त्यात मात्र तो फुलायचा. आणि तो तास मी कितीदा तरी इतिहासाचा पोर्शन राहिला म्हणून काढून घेतला. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला, हे मी वर्गात शिकवत होतो, आणि ज्या तासाला तो विचार थोडाफार उरला होता तो तास खात होतो! हाताच्या कामाला उरलेला वेळ आणि उरलेली पडवी. शाळेत जे केले तेच मी घरीही करत होतो. बांधकाम संपल्यावर हे मी त्याला बोलून दाखवले. तो हसला, म्हणाला, "सर, त्या तासाला तुम्ही घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं." त्याने मला सोडून दिले, पण बरे वाटले नाही.

थोरला पुण्याहून म्हणाला होता, "बाबा, या वयात एवढा खर्च? तुमच्यानंतर कोण वापरणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की, दर रविवारी सकाळी वाडीतली चार मुले येतात, आणि माझा विद्यार्थी त्यांना गुण्या कसा धरायचा ते शिकवतो. मी बाजूला बसून भुसा झाडतो. मशीनला मुलांनी हात लावायचा नाही, हा एकच नियम माझा. पुढे ती येत राहतील की नाही, सांगता येत नाही. पण तो तास मी आता कुणालाही काढून घेऊ देणार नाही.

हिचा दम बराच कमी झाला आहे. असो. हाक आली, जेवायला जातो.