कोणत्या कंपनीचं घेऊ, ताई?

माघ पौर्णिमेच्या कचारगड यात्रेत आम्ही काही कार्यकर्ते धनेगावला पुस्तकांचा छोटासा स्टॉल लावतो. चार-पाच राज्यांतून गोंड समाज येतो, पारी कुपार लिंगो आणि माय जंगो रायताड यांचं स्मरण करत गुंफेकडे चढतो. खाली उतरताना माणसं स्टॉलवर थांबतात. संविधान चाळतात, मुलांसाठी सामान्य ज्ञानाचं पुस्तक घेतात, जात पडताळणीचं काय करायचं ते विचारतात. यंदा एका भाऊंनी वेगळाच प्रश्न विचारला.

"ताई, घरी वायफाय लावाचं आहे. कोणत्या कंपनीचं घेऊ?"

भाऊ जवळच्याच एका टोल्यावरचे. दोन एकर धान, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, सराव परीक्षा ऑनलाइन असतात. एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, अशी त्याची ऑफर. धान विकून आलेले पैसे हातात होते, म्हणून भाऊ विचारत होते.

मी उत्तर दिलं. पण दरेकसा स्टेशनावर गाडीची वाट पाहताना लक्षात आलं, की मी अर्धंच उत्तर दिलं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहिते, कारण हा प्रश्न त्या एका भाऊंचा नाही.

आधी जे सांगितलं ते. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत मी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून जोडणी घेतली. पहिल्याच वादळात खांबावरची तार तुटली. अकरा दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी मोबाईलवर संदेश आला, की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. त्याच अकरा दिवसांत आमच्या अभ्यासिकेतल्या दोघांची शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख होती. एकाचा अर्ज मी मोबाईलवरून रात्री दोन वाजता कसाबसा भरला. दुसऱ्याचा राहिला. पैसे आधीच कंपनीकडे गेले होते, त्यामुळे तिला घाई नव्हती. ग्राहकाच्या हातात एकच काठी असते, ती म्हणजे पुढच्या महिन्याचं बिल. ती आपल्या हाताने आधीच देऊन टाकू नये.

दुसरं, वेग विचारण्याआधी दुरुस्ती विचारा. लाईनमन कुठे राहतो? गेल्या पावसाळ्यात तार तुटली तेव्हा किती दिवसांनी जोडली? हे कंपनीच्या माणसाला विचारू नका, ज्याच्याकडे आधीच जोडणी आहे त्या शेजाऱ्याला विचारा. आपल्या भागात झाडं पडतात, रस्त्याचं काम निघतं, जेसीबी तार तोडतो. शंभरचा वेग देणारी पण महिन्यात दहा दिवस बंद राहणारी जोडणी आपल्या कामाची नाही. तीसचीच असो, पण रोज चालणारी असो.

तिसरं, आकडे नीट वाचा. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि आपण फाईल मोजतो मेगाबाईटमध्ये. त्या आकड्याला आठने भागा. चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला पाच मेगाबाईट. शंभर मेगाबाईटचं व्याख्यान पूर्ण वेग मिळाला तर वीस सेकंदांत उतरेल. एका मुलीच्या अभ्यासाला एवढं भरपूर झालं. 'अनलिमिटेड' लिहिलं असलं तरी किती डेटा वापरल्यावर वेग खाली येतो ते विचारून घ्या. ३९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला की बिल जवळपास ४७१ होतं. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे दर महिन्याची दीड दिवसाची मजुरी. जोडणीचा खर्च आणि राऊटरची अनामत वेगळी, ती परत मिळणार असेल तर तसं लिहून घ्या.

चौथं, जोडणी स्वतःच्या नावावर घ्या आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. तक्रार केंद्राने ऐकलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. क्रमांक नसेल तर मात्र तुमची तक्रार कधी झालीच नव्हती असं समजा.

पाचवा मुद्दा कुणी विचारतच नाही. अपलोडचा वेग किती? म्हणजे आपल्याकडून बाहेर किती वेगाने जातं? यात्रेत तरुण पोरं मिरवणुकीचे, गोंडी गाण्यांचे, भाषणांचे व्हिडिओ काढत होती आणि रेंज मिळेल तिथे थांबून ते वर चढवायची धडपड करत होती. जाहिरात फक्त उतरणाऱ्या वेगाची असते, कारण बाजाराच्या हिशोबात आपण पाहणारे आहोत, बोलणारे नाही. बाबासाहेबांना १९२० मध्ये 'मूकनायक' काढावं लागलं ते दुसऱ्यांची वर्तमानपत्रं वाचायला मिळत नव्हती म्हणून नव्हे. आपलं म्हणणं छापणारं कुणी नव्हतं म्हणून. तेव्हा जोडणी घेताना विचारा, माझा आवाज किती वेगाने बाहेर जाईल?

इथपर्यंतचं उत्तर मी भाऊंना दिलं. त्यांनी मान हलवली आणि शांतपणे म्हणाले, "पन ताई, आमच्याकडं तर एकच येते."

माझं सगळं शहाणपण तिथेच संपलं. 'निवडावं कसं' हा प्रश्न पुण्या-नागपुरातला आहे. तिथे एका खांबावर चार तारा लोंबकळतात आणि चार कंपन्या फोन करून छळतात. टोल्यावर एक तार असते, नाहीतर तीही नसते. जिथे एकच दुकान आहे तिथे 'चांगलं दुकान कसं निवडावं' यावर व्याख्यान देणं ही थट्टा झाली.

एकच का असते? कंपनी हिशोब करते की एक किलोमीटर तार टाकली तर किती घरं मिळतील. गावठाणात घरं दाटीने असतात, म्हणून तार तिथपर्यंत येते. वस्ती बाजूला, टोला त्याहून लांब. समाजशास्त्राच्या वर्गात मी शिकले, की जात फक्त माणसांच्या मनात नसते, ती गावाच्या नकाशातही असते. कुणाचं घर विहिरीजवळ आणि कुणाचं शिवेवर, हे योगायोगाने ठरलेलं नाही. आदिवासींचे टोले जंगलाच्या कडेला का राहिले, याचाही इतिहास आहे. आता कुणी म्हणेल, कंपनी कुठे जात विचारते? ती फक्त ग्राहक मोजते. बरोबर आहे, आणि माझं म्हणणं नेमकं तेच आहे. विषमता पुढे न्यायला कुणाच्या मनात द्वेष असावाच लागत नाही. जुना नकाशा तसाच ठेवून त्यावर नफ्याची पट्टी लावली की तार आपोआप जुन्याच वाटेने जाते.

"मोबाईलचा डेटा आहे की," असंही लोक म्हणतात. आहे. पण घरात माणसं पाच आणि चांगला फोन एक. तो सकाळी वडिलांबरोबर शेतावर जातो. फोनच्या काचेवर शंभर प्रश्नांचा पेपर सोडवून पाहा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला दाखले स्कॅन करून जोडून पाहा, मग बोला. आणि हे सगळं आता हौसेचं राहिलेलं नाही. धान विकायचं तर नोंदणी ऑनलाइन. पिकाची नोंद ई-पीक पाहणीवर. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपवर, फोटोसह. सरकारने आपले सगळे दरवाजे इंटरनेटच्या खोलीत नेऊन बसवले. मग त्या खोलीपर्यंतची वाट करणं हे सरकारचं काम आहे की त्या भाऊंचं?

आता राहिलेलं अर्धं उत्तर. ही वाट करण्यासाठी पैसे आपण आधीच दिलेले आहेत. २००२ पासून देशात एक सार्वत्रिक सेवा निधी आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा त्यासाठी घेतला जातो, आणि कंपनीचं उत्पन्न म्हणजे अखेर तुमचं-माझं रिचार्ज. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' केलं. याच निधीच्या बळावर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली, जिला आज आपण भारतनेट म्हणतो. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' या नावाने झालं. २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. गावातल्याच उद्योजकामार्फत घरोघरी जोडणी देण्याची तरतूद त्यात आहे.

म्हणून माझा प्रश्न कंपनीला नाही, आपल्या ग्रामपंचायतीला आहे. कार्यालयात भारतनेटची पेटी आहे का? तिचा दिवा लागतो का, की कपाटावर धूळ खाते? तिच्यातून शाळा, अंगणवाडी, दवाखाना, अभ्यासिका यांपैकी कशाला जोडणी दिली? टोल्यापर्यंत किती घरं जोडली? घरोघरी जोडणी देणारा उद्योजक कोण, आणि तो ग्रामसभेत ठरला की कुणाच्या ओसरीवर?

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारते. सार्वजनिक तार जर गावातल्या एकाच वजनदार घरात जाऊन थांबली आणि पासवर्ड त्याच्या मर्जीने मिळू लागला, तर ती सार्वजनिक उरली नाही. हे काम महिला बचत गटाला का देऊ नये? २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तर किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकतो. ज्या घराला महिन्याचे ४७१ रुपये झेपत नाहीत, त्याला दहा-वीस रुपयांत गरजेपुरतं इंटरनेट टोल्यावरच मिळेल.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, सरकारी सेवा म्हणजे बंद पडलेली सेवा, त्यात विचारधारा कशाला आणता? मीही कुणाला भक्तीपोटी वाईट सेवा घ्या असं सांगत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळत होते आणि विजेचं धोरण त्यांच्याकडे होतं. १९४३ मध्ये या प्रश्नावर बोलताना वीज खाजगी असावी की सरकारी, हे त्यांनी श्रद्धेने ठरवलं नाही. लोकांना स्वस्त आणि मुबलक वीज कोणत्या मार्गाने मिळेल, हा निकष त्यांनी ठेवला. नुसती स्वस्त पुरेशी नाही, नुसती मुबलक पुरेशी नाही, दोन्ही हवं. इंटरनेटला हीच कसोटी लावू. खाजगी कंपनी टोल्यावर स्वस्त आणि भरपूर सेवा देत असेल तर खुशाल घ्या. देत नसेल, आणि तिच्या हिशोबात आपण बसतच नसू, तर सार्वजनिक तार चालू करून घेण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. ती बंद आहे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे आपल्याच पैशांवर पाणी सोडणं.

करायचं काय? वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. पुढच्या ग्रामसभेला वरचे प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, ठराव नोंदवायला लावा. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे, तीस दिवसांची मुदत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो दरवर्षी कशावर खर्च होतो ते विचारा, आणि त्यातून वस्तीतल्या अभ्यासिकेला जोडणी मागा. बौद्ध वस्ती आणि गोंड टोला यांनी हे वेगवेगळं मागू नये. दोघांची घरं नकाशाच्या कडेलाच आहेत, अर्ज तरी एक असू द्या.

भाऊंना मी त्याच रात्री फोन लावला. दोनदा कटला, तिसऱ्यांदा लागला. म्हटलं, मुलीची परीक्षा थांबणार नाही, तेव्हा जी एक कंपनी येते तिचंच घ्या, पण एका महिन्याचंच. आणि १ मेच्या ग्रामसभेला अर्ज घेऊन या, मी सोबत येते.

"मुलगीच लिहीन अर्ज," भाऊ म्हणाले. "तिचं अक्षर चांगलं आहे."

जय सेवा! जय भीम!